निगेची मर्यादा : वाहनप्रेमींची कथने आणि सूरजागडचे लोखंड

गोषवारा

आपण कोणती गाडी चालवितो आणि तिची निगा कशी राखतो हे वाहनप्रेमी एकमेकांना सांगतात. या कथनांना आता एक निश्चित रूप आले आहे. बोलण्यात, मेळाव्यांत आणि नियतकालिकांत आढळणाऱ्या या कथनप्रकाराची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रामाणिकपणा, ज्ञानाचे खुले वाटप आणि टाकून देण्यापेक्षा दुरुस्त करण्याची वृत्ती हे या प्रकाराचे गुण होत. मात्र येथे निगा गाडीच्या पत्र्यापाशी संपते. गाडीचे लोखंड, रस्ता आणि ती चालविणारा पगारी माणूस हे घटक कथनाबाहेर राहतात. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागड येथील लोहखनिज, त्याची वाहतूक आणि त्या वाटेवरचे लोकजीवन यांच्या संदर्भात ही मर्यादा तपासली आहे. त्यासाठी रॉबर्ट पिर्सिग यांचा ग्रंथ, ऋत्विक घटक यांचा ‘अयांत्रिक’ हा चित्रपट आणि त्रिंबक नारायण आत्रे यांची ‘गावगाडा’ ही संकल्पना यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : वाहनकथन, निगा, सूरजागड, गावगाडा, अयांत्रिक, मालक आणि चालक

१. प्रस्तावना

मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाचा विचार पुष्कळ केला आहे. प्रवास ज्या साधनाने घडतो त्याविषयीच्या कथनाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. प्रवासवर्णनात गाडी हे निमित्त असते, तर वाहनप्रेमींच्या कथनात प्रवास हे निमित्त असते आणि गाडी हाच विषय असतो. अशा कथनाला साहित्य म्हणावे की नाही, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. ते मोठ्या प्रमाणावर निर्माण होते, आवडीने वाचले व ऐकले जाते आणि एका मोठ्या वर्गाची मूल्यदृष्टी त्यातून घडते. तेवढ्या कारणाने ते समीक्षेला पात्र ठरते.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात सित्रोएन डीएस या मोटारीवर लेख लिहिला आणि आधुनिक काळातील मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथेड्रलशी केली. ज्याला वस्तू विकत घेता येत नाही तोही तिची प्रतिमा उपभोगतो, हे त्यांचे निरीक्षण आजही उपयुक्त आहे. परंतु बार्थ यांची मोटार प्रदर्शनातील नवी मोटार होती. वाहनप्रेमींच्या कथनातील मोटार जुनी होणारी, कुरकुरणारी, तेल गळणारी मोटार असते. म्हणून या कथनाचा विचार प्रतिमेपेक्षा निगेच्या अंगाने करणे अधिक योग्य ठरते.

या विचारासाठी सूरजागड हे स्थळ घेण्यास कारण आहे. एटापल्ली तालुक्यातील हा डोंगर लोहखनिजाचा आहे. महाराष्ट्रातील वाहनसंस्कृती पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या कारखानदारीच्या पट्ट्यात वाढली. तिच्या मुळाशी असलेला धातू राज्याच्या दुसऱ्या टोकाला, माडिया गोंडांच्या अरण्यात आहे. ही दोन टोके एकाच वाक्यात आणली म्हणजे वाहनकथन काय सांगते आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट दिसू लागते.

२. वाहनकथनाचा घाट

या कथनाचा घाट बराचसा ठरलेला आहे. प्रथम खरेदीचा प्रसंग येतो : किती काळ विचार केला, कोणत्या गाड्या पाहिल्या, घरच्यांना कसे तयार केले. त्यानंतर गाडीचा तांत्रिक परिचय, पहिला लांबचा प्रवास, ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च, उद्भवलेले दोष, त्यांचे निदान आणि उपाय. शेवटी गाडी विकली असेल तर निरोपाचा प्रसंग येतो. खरेदी, परीक्षा, आजार, उपचार आणि निरोप असा हा क्रम चरित्रलेखनाच्या जवळ जाणारा आहे.

या कथनाची खरी श्रीमंती त्यातील आजारपणाच्या भागात आढळते. जुन्या जीपचेच उदाहरण घेता येईल. ओढ्यातून गाडी काढल्यावर ब्रेक ड्रममध्ये पाणी शिरते, म्हणून पलीकडे गेल्यावर काही अंतर पॅडल हलके दाबून ब्रेक कोरडे करावे लागतात. ॲक्सलमधील ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले असे समजावे आणि ते तत्काळ बदलावे. धुळीच्या प्रदेशात एअर फिल्टरकडे ठरलेल्या मुदतीपूर्वीच लक्ष द्यावे. डिझेल संपून गाडी बंद पडली तर नुसते डिझेल भरून भागत नाही. पंपाचा स्क्रू सैल करून नळीतील हवा काढावी लागते. मागचे पाटे बसू लागले म्हणजे आधी ओझ्याचा विचार करावा आणि मग नव्या पाट्यांचा. हे ज्ञान सहसा माहितीपुस्तिकेत या रीतीने मिळत नाही. ते अडकून पडलेल्या माणसाला मिळते आणि तो ते पुढच्याला सांगतो.

या कथनाची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. पाना, पाटे, क्लचप्लेट, नोझल, हेडवर्क, ग्रीसिंग, डेंटिंग-पेंटिंग असे शब्द येथे कोणत्याही संकोचाशिवाय येतात. परिभाषा समित्यांनी सुचविलेले पर्याय गॅरेजात रुजले नाहीत. गॅरेजने मात्र इंग्रजी शब्द आपल्या उच्चारात मुरवून घेतले. बजाज टेम्पोच्या वाहनामुळे ‘टेम्पो’ हे मालवाहू वाहनाचे सामान्यनाम झाले, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

३. निगा हे मूल्य

वाहनप्रेमींच्या कथनाला केवळ चैनीचे प्रदर्शन म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यात किमान तीन मूल्ये दिसतात.

पहिले मूल्य प्रामाणिकपणाचे. जाहिरात गाडीचे दोष सांगत नाही, मालक सांगतो. आपण केलेली चूकही तो सांगतो. अनावश्यक बदल करून गाडी बिघडविल्याची कबुली हा या कथनातील जवळजवळ नियत भाग असतो. दुसरे मूल्य ज्ञानाच्या खुल्या वाटपाचे. कष्टाने मिळविलेले निदान कोणत्याही मोबदल्याविना अनोळखी माणसाला दिले जाते. तिसरे मूल्य टिकवण्याचे. नवी वस्तू घेण्याचा आग्रह धरणाऱ्या काळात जुन्या वस्तूला आणखी दहा वर्षे चालविणे हा एक प्रकारचा विरोधच आहे.

जतनाची ही भावना व्यक्तिगत मालकीपुरती मर्यादित राहतेच असे नाही. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे मुंबईतील टॅक्सी म्हणून असलेले आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची नोंदणीकृत टॅक्सी रस्त्यावरून निघाली, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची मोटार कधीच नव्हती अशा माणसांनाही हळहळ वाटली. येथे गाडी एका शहराच्या स्मृतीचा भाग झाली होती.

निगेची ही भावना मराठी लोकाचारातही आहे. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर अवजारांची पूजा होते आणि दसऱ्याला धुतलेल्या वाहनावर झेंडूची माळ चढते. वर्षातून एक दिवस तरी वस्तूने केलेल्या कामाची आठवण ठेवावी, हा त्यामागील भाव आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकण्याच्या प्रथेशी त्याचे नाते उघड आहे. म्हणजे वाहनप्रेमींचे कथन आयात केलेल्या छंदातून आलेले असले, तरी ज्या मनोभूमीत ते रुजले ती आपलीच आहे.

४. दोन कसोट्या : पिर्सिग आणि घटक

वाहनाच्या निगेवर लिहिले गेलेले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे रॉबर्ट पिर्सिग यांचे १९७४ साली प्रकाशित झालेले ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. त्यातील निवेदक आपली मोटरसायकल स्वतः दुरुस्त करतो. त्याचा मित्र जॉन मात्र महागडी बीएमडब्ल्यू चालवितो आणि तिच्या यंत्राकडे पाहणेही टाळतो. मित्राच्या गाडीचे हँडल सैल होते, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची चकती बसवावी असे सुचवितो. मित्राला तो उपाय अपमानास्पद वाटतो. गाडीचे रूप पाहणारी दृष्टी आणि तिचे कार्य समजून घेणारी दृष्टी यांतील अंतर या साध्या प्रसंगातून उभे राहते. दुसऱ्या एका प्रसंगात गॅरेजातील कारागीर निष्काळजीपणे इंजिन बिघडवितात; ते वाईट माणसे नसतात, पण कामात त्यांचे लक्ष नसते. काळजी आणि गुणवत्ता ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हा पिर्सिग यांचा सिद्धांत येथून पुढे येतो.

वाहनप्रेमींच्या चांगल्या कथनांची तात्त्विक बाजू पिर्सिग यांनी मांडली आहे, असे म्हणता येईल. परंतु त्यांच्या विवेचनातच एक निसटती जागा आहे. मोटरसायकल ही पोलादात साकारलेली कल्पनांची व्यवस्था आहे, असे ते म्हणतात; पोलादाचा आकारच काय, पोलाद हेही मानवी मनातून आलेले आहे आणि निसर्गात पोलाद नसून त्याची केवळ शक्यता असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तत्त्वचर्चेच्या पातळीवर तो आकर्षक आहे. मात्र ही ‘शक्यता’ एखाद्या डोंगराच्या रूपाने कोणाच्या तरी गावाशेजारी उभी असते. तिच्यावर एखादे दैवत असते, तिच्या पायथ्याशी ओढा असतो. पोलाद मनातून येते असे म्हटले की डोंगर आपोआप दिसेनासा होतो.

ऋत्विक घटक यांचा ‘अयांत्रिक’ (१९५८) नेमकी ही उणीव भरून काढतो. सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेल्या या बंगाली चित्रपटात बिमल हा टॅक्सीचालक आणि ‘जगद्दल’ नावाची त्याची जुनाट शेवरोले मोटार यांचे नाते आहे. गाव तिला भंगार म्हणते. बिमलला ती सजीव वाटते. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना ती घटाघट पाणी पिते असा ध्वनी घटक योजतात. या वरवर विनोदी भासणाऱ्या कथेचा परिसर छोटा नागपूरचा, ओरांव आदिवासींचा आणि खनिजांचा आहे. मोटार ज्या वाटांवरून धावते त्या वाटांवर ओरांवांचे नृत्य आहे, आगगाडी आहे, बदलत जाणारी भूमी आहे. अखेरीस जगद्दल थांबते आणि भंगाराच्या भावाने विकली जाते. तिचा सुटा झालेला भोंगा एका बालकाच्या हाती वाजतो आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू येते.

घटक यांनी बिमलच्या प्रेमाची चेष्टा केलेली नाही. त्याचबरोबर त्या प्रेमाला चौकटीत एकटेही ठेवलेले नाही. मोटार, ती ज्या भूमीतून जाते ती भूमी आणि शेवटी मोटारीचे पुन्हा लोखंड होणे, या तिन्ही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात येतात. वाहनकथनाची श्रेष्ठ शक्यता कोणती, याचे उत्तर येथे मिळते.

५. मराठी परंपरा : गावगाडा आणि एसटी

मराठी परंपरेत वाहनाचा विचार मालकाच्या अंगाने क्वचितच झाला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथाने खेड्याच्या समाजव्यवस्थेला गाड्याचे रूपक दिले. आत्रे यांनी त्या व्यवस्थेचे केवळ गुणगान केले नाही. तिच्यातील कुरकुर, ओझे आणि विषम वाटणीही दाखविली. येथे महत्त्वाचा मुद्दा असा की, गावात गाडा ही एकट्याने राखण्याची वस्तू नव्हती. सुताराने चाक करावे, लोहाराने धाव चढवावी, चांभाराने चामड्याचे सामान द्यावे, आणि त्या बदल्यात सुगीला बलुते घ्यावे अशी रीत होती. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. जातीच्या उतरंडीने ती बांधलेली होती. तरीही कोणाच्या हातांमुळे आपले चाक फिरते हे गाडीवानाला ठाऊक असे. आजच्या मालकाला सर्व्हिस सेंटरच्या काचेपलीकडील हातांचे नाव बहुधा ठाऊक नसते.

आधुनिक मराठी साहित्यातील प्रमुख वाहन एसटी हे होय. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि नंतर ग्रामीण महाराष्ट्राच्या कथेत एसटी अपरिहार्य झाली. पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ आठवावी. बस अडते आणि त्या अडण्यातून प्रवाशांचा एक लहानसा समाज आकाराला येतो. या परंपरेत कथनाचा केंद्रबिंदू प्रवासी आहे. वाहन कोणा एकाच्या मालकीचे नाही, म्हणून त्याच्या अडण्याचा अनुभव सामूहिक आहे. वाहनप्रेमींच्या कथनात हा केंद्रबिंदू प्रवाशाकडून मालकाकडे सरकला. त्यामुळे यंत्राचे ज्ञान वाढले. सहप्रवासी मात्र कमी झाले.

६. सूरजागड : कथनाबाहेरचे लोखंड

गाडीचे लोखंड कोठून येते, हा प्रश्न विदर्भाच्या पूर्व भागाला नवा नाही. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होण्यापूर्वी चांदा जिल्ह्याचाच भाग होता. या चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि लोहारा येथील खनिजाने त्यांच्या मनातील पोलाद कारखान्याच्या कल्पनेला चालना दिली. पुढे दोराबजी टाटा आणि भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी या जिल्ह्याची पाहणी केली. योजना व्यवहार्य न ठरल्याने शोध इतरत्र वळला आणि १९०७ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना साकची येथे उभा राहिला. भारतीय पोलादाच्या कथेचे पहिले पान अशा रीतीने चांद्याचे आहे. पोलादाशी मोटारीचे नाते तर नावानिशी सांगता येते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद या कंपनीचा मूळ व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा होता. १९४७ साली तिने विलीज जीपची जुळणी सुरू केली. ज्या जीपभोवती आजही सर्वाधिक जिव्हाळ्याची वाहनकथने गुंफली जातात, तिचा भारतातील प्रारंभ पोलादाच्या व्यापाऱ्यांच्या घरात झाला.

सूरजागडचा डोंगर दीर्घकाळ या कथेबाहेर राहिला. परिसरातील ७० गावांचा इलाका त्याला आपला मानतो. तेथे ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि दर वर्षी जानेवारीत यात्रा भरते. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मंजूर झाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहतुकीची ७० हून अधिक वाहने जाळली. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्लीजवळ खनिजवाहू ट्रक आणि एसटी बस यांच्यातील अपघातात प्रवासी मृत्युमुखी पडले आणि संतप्त ग्रामस्थांनी ट्रक पेटविले. २०२१ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये त्याची मंजूर वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. या वाढीबरोबर आलापल्ली-एटापल्ली परिसरातील रस्त्यांवर ट्रकांची रांग, लाल धूळ, उखडलेला डांबर आणि अपघात हे नित्याचे विषय झाले.

वाहनांच्या दृष्टीने पाहिले तर सूरजागडचा अलीकडचा इतिहास हा ट्रक, बस आणि जीप यांचाच इतिहास आहे. तेथील संघर्षात वाहन साक्षीदार आहे, साधन आहे आणि लक्ष्यही आहे. असे असूनही वाहनकथनात हे स्थळ येते ते बहुधा ‘घनदाट जंगल’ आणि ‘खडतर रस्ता’ या दोन विशेषणांनी. खडतर रस्ता हा येथे सस्पेन्शनच्या परीक्षेचा प्रश्न असतो. गाडी परीक्षेत उतरते, मालक समाधानाने परततो आणि कथन पूर्ण होते. त्याच रस्त्यावरून प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला, आठवडी बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा शाळकरी मुलाला दररोज उतरायचे असते. त्यांच्या परीक्षेचा निकाल कथनात येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. ओढा पार करण्याच्या ज्या कौशल्याचा वाहनप्रेमीला अभिमान असतो, त्या कौशल्याचा अभाव हा तेथे औषध न मिळण्याचे कारण ठरू शकतो.

धुळीचेही असेच आहे. एअर फिल्टर वेळेपूर्वी साफ करावा, हा सल्ला योग्य आहे. परंतु फिल्टरवर साचणारी लाल धूळ रस्त्यालगतच्या धानावर आणि माणसांच्या छातीतही साचते. गाडीला फिल्टर असतो, ती दर काही हजार किलोमीटरला बदलता येतो. निगेची भाषा येथे अचूक असूनही अपुरी ठरते.

७. मालक आणि चालक

वाहनकथनाचा निवेदक प्रायः मालक असतो आणि तोच चालक असतो. ‘आपण काय चालवितो’ या प्रश्नात ही दोन्ही पदे एकत्र आलेली आहेत. सूरजागडच्या वाटेवर ती वेगळी होतात. ट्रक एकाचा, खनिज दुसऱ्याचे, रस्ता शासनाचा आणि स्टिअरिंग पगारी ड्रायव्हरच्या हाती. हा ड्रायव्हर टायरच्या आवाजावरून हवा ओळखतो, चढावर कोठे गिअर उतरवावा हे त्याला ठाऊक असते आणि रात्री क्लीनरला सोबत घेऊन तो पाटा बदलतो. ज्ञान त्याचे तेच आहे, किंबहुना अधिक आहे. पण त्याचे कथन होत नाही. कारण निगेसाठी लागणारा वेळ त्याच्या मालकीचा नाही. फेऱ्यांच्या हिशोबात गाडीचे थांबणे हा तोटा असतो, तर छांदिष्टाच्या जीवनात तेच सुट्टीच्या दिवसाचे सुख असते. बिमल हा मालकही होता आणि चालकही. म्हणूनच त्याचे प्रेम शक्य झाले. पगारी ड्रायव्हरकडून त्याच प्रेमाची अपेक्षा करणे आणि अपघात झाल्यावर सारा दोष त्याच्या बेफिकिरीला देणे, हे दोन्ही सोयीचे आहे.

खाणीतील अवजड वाहने चालविण्याचे प्रशिक्षण स्थानिक आदिवासी स्त्रियांनाही दिले जात असल्याचे वृत्तपत्रांतून आले आहे. ही घटना वाहनकथनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या डोंगराशी घराण्याचे नाते आहे, तोच डोंगर डंपरमधून खाली आणणाऱ्या स्त्रीला आपल्या वाहनाविषयी काय सांगावेसे वाटेल, याचा अंदाज बाहेरच्या कोणी बांधू नये. त्यात अभिमान असू शकेल, दुःख असू शकेल, दोन्ही असू शकेल. तिचे कथन जेव्हा येईल तेव्हा या प्रकाराला प्रथमच त्याच्या लोखंडाची बाजू मिळेल.

८. संभाव्य आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, छंदाच्या कथनाकडून खनिज, रस्ते आणि श्रम यांची मीमांसा अपेक्षिणे अवाजवी आहे. बागकाम करणाऱ्याला कोणी खतकारखान्याचा हिशोब विचारीत नाही. याचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. ते या कथनाच्या स्वतःच्या प्रतिज्ञेत आहे. ‘गाडीचा खरा खर्च सांगणे’ ही त्याची प्रतिज्ञा असते. इंधन, टायर, विमा, सुटे भाग असा पैन्‌पैचा हिशोब मांडून प्रतिकिलोमीटर खर्च काढला जातो. जो प्रकार पूर्ण हिशोबाचा दावा करतो, त्याच्याकडून हिशोबातील गाळलेल्या रकमेविषयी विचारणा करणे हा त्याच्यावरचा अन्याय नसून त्याचाच निकष त्याला लावणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाणीमुळेच या भागात रस्ते, रोजगार आणि दळणवळण आले, असे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी-गर्देवाडा एसटी सेवेचा प्रारंभ झाला. त्या भागात स्वातंत्र्यानंतर प्रथमच बस पोहोचली. ही घटना लहान मानता येणार नाही. त्याच वर्षी हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी वाहिनी कार्यान्वित झाल्याने खनिजाचा काही भार रस्त्यावरून कमी होण्याची शक्यताही निर्माण झाली. मात्र या दोन्ही गोष्टी मूळ मुद्द्याला बळकटीच देतात. रस्त्याची निगा हाही वाहनाच्या निगेचाच भाग आहे, हे या प्रदेशाने मोठी किंमत देऊन सिद्ध केले आहे. रस्ता आला म्हणून प्रश्न संपत नाही. तो कोणाच्या ओझ्यासाठी बांधला आणि कोणाच्या पायांसाठी राखला जातो, हे पाहावे लागते.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, वाहनप्रेमींचे कथन हा स्वतःचा घाट, भाषा आणि नीती असलेला प्रकार आहे आणि समीक्षेने त्याची दखल घेणे आवश्यक आहे. दोन, निगा हे त्याचे केंद्रवर्ती मूल्य आदरणीय आहे. वस्तू टिकवावी, दोष लपवू नयेत आणि ज्ञान वाटावे, हा त्याचा आग्रह उपभोगवादाला छेद देणारा आहे. तीन, ही निगा मालकीच्या सीमेपाशी थांबते. लोखंडाचा उगम, रस्त्याची अवस्था आणि पगारी चालकाचे जीवन यांना तिच्यात स्थान नाही. चार, ‘अयांत्रिक’ने ही सीमा कलेच्या पातळीवर ओलांडली आहे आणि ‘गावगाडा’ने वाहनामागील अनेक हातांची जाणीव, तिच्यातील विषमतेसह, मराठीला दिलेली आहे. हे दोन्ही वारसे नव्या वाहनकथनाला उपलब्ध आहेत.

२०२१ साली जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणामुळे भंगार हा विषय आता घरोघरी पोहोचला आहे. मोडीत निघालेली गाडी पुन्हा वितळते आणि तिचे पुन्हा लोखंड होते. जितके जुने लोखंड पुन्हा वापरात येईल तितका नव्या खनिजावरील भार कमी होण्यास मदत होईल. या अर्थाने जुनी गाडी नीट राखणारा मालक आणि ठाकूरदेवाच्या डोंगराखाली राहणारा माणूस यांचे हितसंबंध वरकरणी वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. त्यांची अद्याप ओळख झालेली नाही, इतकेच. ती करून देणे हे वाहनकथनाचे यापुढील कार्य असू शकते. त्यासाठी लिहिणाऱ्याला छंद सोडावा लागणार नाही. बॉनेट उघडून दोष शोधताना तो जी चिकाटी दाखवितो, तीच बॉनेटच्या पत्र्यापर्यंत, आणि तेथून त्या पत्र्याच्या डोंगरापर्यंत न्यावी लागेल.